चॅनेलवाल्याचे नाव कुणी मागावे?

चोराला कसली आली प्रायव्हसी? मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर फुकट फिरतात, नवा सिनेमा आठवडा उलटायच्या आत मेमरी कार्डात भरून मिळतो, क्लासच्या नोट्स चिल्लर भावात विकल्या जातात, आणि कुणी दाद मागायला गेले की समोर उभे राहते एक टोपणनाव. त्यामुळे लेखक, प्रकाशक आणि क्लासचालक हा प्रश्न वारंवार विचारतात. विचारण्याच्या सुरातच उत्तर असते: कंपन्यांनी नावे, मोबाइल नंबर आणि आयपी ॲड्रेस मुकाट्याने काढून द्यावेत, कोर्टांनी त्यात फार चिकित्सा करू नये. राग खरा आहे, नुकसानही खरे आहे. मागणी मात्र चुकीची आहे. ज्याचे नाव अशा रीतीने उघड होते तो त्या घडीला चोर ठरलेला नसतो. तो संशयित असतो, आणि कधी कधी तोही नसतो.

मुंबई-दिल्लीच्या बड्या कंपन्यांचे भांडण म्हणून हा वाद सोडून देता येत नाही. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. जानेवारी २०२६ मध्ये ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात भरले. हा लिहिणाऱ्यांचा मुलूख आहे. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्याच माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली मुले शहरातल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये कुठून तरी आलेल्या पीडीएफ असतात. ज्याचा हक्क बुडतो तो आणि ज्याची माहिती मागितली जाणार तो, दोघे एकाच एसटी स्टँडवर उतरतात.

‘नावे द्या’ म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार आहे दिल्ली उच्च न्यायालयाचा ३० ऑगस्ट २०२२ चा निकाल. इंग्रजीच्या शिकवणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या नीतू सिंह आणि त्यांची के. डी. कॅम्पस ही संस्था यांची पुस्तके व व्याख्याने टेलिग्रामच्या चॅनेलांवर परवानगीशिवाय फिरत होती. एक चॅनेल बंद केले की दुसरे उघडत होते. टेलिग्रामने कोर्टात बऱ्याच ढाली पुढे केल्या: माहिती सिंगापूरच्या सर्व्हरवर आहे, तिथला व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आड येतो, भारतात गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, आणि २०२१ च्या आयटी नियमांत ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठीच मूळ प्रेषकाचा माग काढता येतो. न्या. प्रतिभा एम. सिंह यांनी एकही ढाल टिकू दिली नाही. चॅनेल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर, आयपी ॲड्रेस, ईमेल दोन आठवड्यांत बंद लिफाफ्यात सादर करा, असा आदेश झाला आणि पुढे नोव्हेंबरात टेलिग्रामने माहिती दिलीही. त्याआधी मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरची पीडीएफ वाटणाऱ्या चॅनेलांबाबत त्याच न्यायालयाने असाच आदेश दिला होता.

निकाल बरोबर आहे. हजारो माणसांना दुसऱ्याचे पुस्तक रोज वाटणारा, कधी त्यावर पैसेही कमावणारा माणूस ‘माझे नाव हा माझा खासगी मामला’ असे म्हणत असेल, तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही. पण या निकालाचा डंका पिटणारे त्यात काय नाही ते सांगत नाहीत. माहिती मागितली ती चॅनेल चालवणाऱ्यांची. त्या चॅनेलचे सदस्य, पीडीएफ उतरवून घेणारी मुले, लिंक पुढे पाठवणारा मित्र यांची यादी कुणी मागितली नव्हती. माहिती थेट वादीच्या हाती गेली नाही, कोर्टाकडे गेली. नंतर वादीच्या वकिलांना प्रत मिळाली तीही या खटल्याच्या कामाशिवाय अन्यत्र उघड करू नये या बंधनासह. सरकारी यंत्रणा आणि पोलिसांकडे जाण्याची वाट तेवढी खुली ठेवली. ‘कोर्टाने सांगितले, नावे मिळतात’ असे एका ओळीत या निकालाचे सार काढणे म्हणजे निकालातले निम्मे पुसून टाकणे.

निकालाची एक बाजू लंगडी आहे, तीही सांगायला हवी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि तिच्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू, हेतूच्या मानाने बेताचा उपाय आणि गैरवापराला आळा एवढ्या गोष्टी पाहायला सांगितल्या. पहिल्या दोन कसोट्यांवर टेलिग्रामचा खटला सहज बसतो. तिसरी आणि चौथी तिथे फारशी ताणली गेली नाही, कारण मागणीच चॅनेलवाल्यांपुरती होती. उद्या कुणी वीस हजार सदस्यांची यादी मागितली तर याच दोन कसोट्यांवर सगळे अडेल. आणि आयटी नियमांच्या यादीत देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचे लैंगिक शोषण असे विषय आहेत, कॉपीराइट नाही. न्यायालयाने म्हटले की या यादीमुळे दिवाणी कोर्टाचे हात बांधले जात नाहीत. मान्य. पण संदेशाच्या उगमापर्यंत कशासाठी खणायचे याचा विचार झाला तेव्हा पुस्तकाची नक्कल त्या तोलाची मानली गेली नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

कोर्टात निदान न्यायाधीश प्रश्न विचारतो. खरी पोकळी पोलीस ठाण्यात आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २० मे २०२२ रोजी ‘निट प्रो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्याचा सरळ अर्थ असा की मॅजिस्ट्रेटची परवानगी न घेता तपास सुरू होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच्या सहीने कागदपत्रे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. म्हणजे दिवाणी दाव्यात नाव मिळवायला वकील, शपथपत्रे, युक्तिवाद आणि बंद लिफाफा. आणि तेच नाव फौजदारी तक्रारीत एका पत्रावर. कुठला वकील आपल्या अशिलाला लांबचा रस्ता दाखवील? गोपनीयतेवरची सगळी विद्वत्तापूर्ण चर्चा उच्च न्यायालयांच्या निकालपत्रांत चालते आणि माहिती मात्र मागच्या दाराने निघून जाते.

चित्रपटांच्या बाबतीत हत्यारे आणखी वाढली आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात चोरून चित्रीकरण आणि प्रसारणासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आला. त्याच वर्षी माहिती व प्रसारण खात्याने तक्रारींसाठी १२ अधिकारी नेमले आणि ४८ तासांत कारवाईचे आश्वासन दिले. कायदा दुबळा आहे, म्हणून नावे हवीत, हा दावा त्यामुळे फारसा टिकत नाही. कायदा दुबळा नाही. तो चालवण्याची शिस्त दुबळी आहे.

शिस्त नसली की काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र कुणीतरी टाकले. पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेस मिळवला, इंटरनेट पुरवणाऱ्या दूरसंचार कंपनीकडे तो कुणाचा असे विचारले, आणि कंपनीने एका ग्राहकाचे नाव दिले. बेंगळुरूचा तो तरुण संगणक अभियंता येरवड्याच्या तुरुंगात ५० दिवस राहिला. कंपनीने दिलेले नाव चुकीचे होते. गुन्हा कॉपीराइटचा नव्हता, पण साखळी अगदी हीच: संकेतस्थळाने आयपी दिला, कंपनीने नाव दिले, पोलिसांनी माणूस उचलला. मधल्या कडीची खातरजमा करणे हे कुणाचेच काम नव्हते.

तेव्हापासून ही कडी आणखी ठिसूळ झाली आहे. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस जगभर अपुरे पडले, म्हणून मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक ॲड्रेस एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. एका वाड्याला एकच दारक्रमांक आणि आत पन्नास बिऱ्हाडे, तसा हा प्रकार. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक हातात नसेल तर नुसत्या आयपीवरून बिऱ्हाड सांगता येत नाही, आणि कंपनीने तरीही सांगितले तर तो अंदाज असतो. वायफायची गोष्ट याहून अवघड. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजचे वसतिगृह, साताऱ्यातली अभ्यासिका, कुणाचे घर, कुणाचे चहाचे दुकान: जोडणी एकाच्या नावावर आणि वापरणारे वीस. बिल ज्याच्या नावाने येते त्याने फाइल टाकली असे मानणे सोयीचे आहे, पुराव्याचे नाही. टेलिग्रामच्या बाबतीत मोबाइल नंबर मिळतो, तो आयपीपेक्षा भक्कम धागा. पण दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेली सिमकार्डे हा प्रकारही आपल्याकडे नवा नाही.

‘ज्याने काही केले नाही त्याला भीती कशाची?’ हा पुढचा ठरलेला सवाल. त्याचे उत्तर अमेरिकेने मोठी किंमत मोजून दिले आहे. २००३ नंतर तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गाणी वाटून घेणाऱ्या हजारो सामान्य माणसांवर दावे लावले. मिनेसोटातल्या एका महिलेला २४ गाण्यांसाठी २००९ मध्ये ज्युरीने १९ लाख २० हजार डॉलरची भरपाई भरायला सांगितली. अपिलात ती २ लाख २२ हजारांवर आली. बाकीचे बहुतेक कोर्टाची पायरीही चढले नाहीत. पत्र आले, तडजोडीचा आकडा दिसला, वकिलाचा खर्च त्याहून जास्त, म्हणून भरून मोकळे झाले. हे गणित ‘प्रेंडा लॉ’ या नावाने वावरणाऱ्या वकिलांनी ओळखले. अश्लील चित्रपट त्यांनी स्वतःच टोरेंटवर टाकले, उतरवणाऱ्यांचे आयपी टिपले, कोर्टाकडून नावे काढून घेतली आणि बदनामीच्या धाकाने पैसे उकळले. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या एकाला १४ आणि दुसऱ्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. नावे मिळवण्याचा रस्ता त्यांना कोर्टानेच करून दिला होता.

ऑस्ट्रेलियात २०१५ साली न्या. नाय पेरम यांच्यासमोर ‘डॅलस बायर्स क्लब’ चित्रपटाच्या मालकांनी ४,७२६ आयपी ॲड्रेसमागची नावे मागितली. न्यायमूर्तींनी हक्क मान्य केला, पण अट घातली: या लोकांना कोणते पत्र पाठवणार ते आधी मला दाखवा. मसुदा पाहून, कंपनी नुकसानीच्या कितीतरी पट पैसे मागण्याच्या तयारीत आहे असे त्यांना दिसले. त्यांनी सहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची हमी ठेवायला सांगितली. कंपनीने ती ठेवली नाही आणि प्रकरण बारगळले. ज्याला केवळ नुकसान भरून हवे असते त्याला पत्राचा मसुदा दाखवायला अडचण येत नाही.

इथे युरोपचा दाखला फेकला जाईल. ३० एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने कॉपीराइट भंग करणाऱ्यांना आयपीवरून शोधणाऱ्या फ्रान्समधल्या ‘हाडोपी’ व्यवस्थेला मुभा दिली. कॉपीराइटसारख्या गंभीर नसलेल्या गुन्ह्यातही आयपीवरून नाव काढता येते असे सांगितले. खरे आहे. पण मुभेच्या अटी वाचल्या की तो दाखला उलटतो. नाव-पत्ता आणि इतर माहिती एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळी ठेवलेली असली पाहिजे, त्यांची सांगड घालून माणसाच्या खासगी आयुष्याचे चित्र रंगवता येऊ नये, आणि वारंवार तक्रार होऊन प्रकरण पुढच्या टप्प्यावर जाते तेव्हा अशी सांगड घालण्याआधी कोर्टाची किंवा स्वतंत्र यंत्रणेची तपासणी हवी. भारतात ‘युरोपने दिले’ म्हणणाऱ्यांनी यातली एक तरी अट मागितल्याचे दिसत नाही. त्याच न्यायालयाने २९ जानेवारी २००८ रोजी ‘प्रोम्युसिकाए’ प्रकरणात सांगितले होते की दिवाणी दाव्यासाठी नावे उघड करण्याची सक्ती सदस्य देशांवर नाही, आणि दोन हक्कांचा तोल साधणे हे त्यांचे काम आहे.

परदेशापर्यंत जायची गरजही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली याच तोलाचा एक नमुना घालून दिला. ते वर्ष गळतीचेच होते. ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधी फुटला, ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ फुटला, आणि २९ एप्रिलला लागलेला नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ थिएटरे भरलेली असतानाच गावोगाव मोबाइलवर फिरू लागला. निर्माते धावत कोर्टात येत आणि अनोळखी प्रतिवादींविरुद्ध, इंग्रजीत ज्याला ‘जॉन डो’ म्हणतात तसा, सरसकट बंदीचा आदेश मागत. न्या. गौतम पटेल यांनी हात आखडता घेतला. संकेतस्थळावरचा सगळा मजकूर बेकायदा आहे असे दाखवल्याशिवाय संपूर्ण संकेतस्थळ बंद करणार नाही, असे त्यांनी ‘ग्रेट ग्रँड मस्ती’च्या वेळी सांगितले. ‘ढिशूम’च्या वेळी शिस्त आणखी पक्की झाली: प्रत्येक लिंक तपासा, दुसऱ्याकडून फेरतपासणी करून घ्या, मग शपथेवर सांगा. आणि बंद केलेल्या पानावर नुसता ‘प्रवेश नाही’ असा फलक नको. दावा कुणाचा, क्रमांक काय, आदेश कधीचा, आणि कुणावर अन्याय झाला असेल तर त्याने कुठे यावे, हेही तिथे लिहा.

त्यातूनच एक गमतीचा आणि बोधक प्रसंग घडला. इंटरनेट कंपन्यांच्या फलकावर असा मजकूर झळकत होता की चोरीचा चित्रपट पाहणे वा उतरवणे हाच गुन्हा, तीन वर्षे कैद आणि तीन लाख दंड. देशभर धसका बसला. न्या. पटेल यांनी तो मजकूर सुधारायला लावला: नुसते पाहणे हा कायद्यातला गुन्हा नाही, परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर दाखवणे, विकणे वा भाड्याने देणे हा आहे. धमकीच्या भाषेने कायदा स्वतःहून फुगवला होता, तो कोर्टाने पुन्हा मापात आणला. हे आदेश लिंक बंद करण्याबाबतचे होते, नावे काढण्याबाबतचे नव्हते. पण एक लिंक बंद करायला तिहेरी तपासणी आणि शपथपत्र लागत असेल, तर एका माणसाचे नाव, नंबर आणि ठावठिकाणा काढायला त्याहून कमी कसे चालेल? लिंक चुकून बंद झाली तर संध्याकाळी उघडता येते. उघड झालेले नाव पुन्हा झाकता येत नाही.

तपासणीची गरज आणखी एका कारणाने आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची आहे. तिची संहिता वाटणारा कुणाचे काही चोरत नाही, मात्र एखाद्या नव्या आवृत्तीतली चित्रे चोरू शकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. ‘फकिरा’वरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. खांडेकर १९७६ साली गेले. ‘ययाति’ २०३६ अखेरपर्यंत. एका टेलिग्राम चॅनेलवर ही तिन्ही पुस्तके शेजारी शेजारी असतात. शिवाय कलम ५२ खाली संशोधन आणि खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराला मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात २०१६ मध्ये याच कलमातल्या अध्यापनाच्या सवलतीवरून बड्या प्रकाशकांचा दावा फेटाळला गेला होता. तेव्हा कोणते पुस्तक, हक्क आज कुणाकडे, करार कुठे आहे, हे आधी ठरायला हवे. मराठीत जुने करार तोंडी, वारस अनेक आणि हक्क कुणाकडे यावरच भांडणे, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. वादीचाच हक्क शाबूत नसताना तिसऱ्याच माणसाचे नाव उघड करून बसणे हे कोर्टाला शोभणार नाही.

सदस्य आणि चालक यांतला फरक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही जपला आहे. लॉकडाऊनमध्ये वर्तमानपत्रांच्या पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपांवर पहाटेच येऊ लागल्या, तेव्हा ग्रुपच्या ॲडमिनलाही जबाबदार धरू, असा इशारा वृत्तपत्रांच्या बाजूने दिला गेला होता. १ मार्च २०२१ च्या निकालात, कॉपीराइटशी संबंध नसलेल्या एका फौजदारी प्रकरणात, खंडपीठाने सांगितले की समान हेतू दाखवल्याशिवाय सदस्याच्या संदेशासाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. मग ज्याने पोस्टही टाकली नाही आणि ग्रुपही चालवला नाही, फक्त वाचली, त्याची माहिती कोणत्या न्यायाने मागायची?

‘नवा कायदा आहेच की वाचकाच्या संरक्षणाला,’ असे यावर सांगितले जाते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण त्या कायद्याचे कलम १७ वाचले की आशा मावळते. एखादा कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती हाताळणे आवश्यक असेल, तर संमती घेण्यापासून बहुतेक सगळ्या बंधनांतून सूट आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. हक्काची मालकी सांगणारे या सुटीकडे आता परवाना म्हणून बोट दाखवतील. सूट म्हणजे सक्ती नव्हे. कंपनीने संमतीशिवाय माहिती दिली तर तिला दंड होणार नाही, एवढेच हे कलम सांगते. तिने ती द्यायलाच हवी असे सांगत नाही. ते सांगायचा अधिकार कोर्टाचा आहे आणि नेमक्या त्याच कारणाने कोर्टाने तो सावधपणे वापरायला हवा.

यात टेलिग्रामसारख्या कंपन्यांची वकिली कुणी शोधू नये. त्यांनी गोपनीयतेचा झेंडा धंद्यापुरता वापरला. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव्ह यांना पॅरिसजवळच्या विमानतळावर अटक झाली आणि महिन्याभरातच टेलिग्रामने नियम बदलून वैध सरकारी मागणीवर नंबर आणि आयपी देण्याचे जाहीर केले. म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने कंपनी उभी राहील ही आशा आता नको. चॅनेलवाला तर कोर्टात येणारच नाही. सुनावणीत वादी हजर, कंपनी अर्धवट हजर, आणि ज्याच्या नावाचा निवाडा व्हायचा तो गैरहजर. त्याच्या वतीने प्रश्न विचारायला न्यायाधीशाखेरीज तिथे कुणी नसते.

असे आदेश आता वाढतच जाणार. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मनाई केली. तो आदेश योग्यच. कलावंताचा आवाज ही त्याची कमाई आहे. पण गाण्याच्या नकलेसाठी, पुस्तकाच्या पीडीएफसाठी, क्लासच्या व्हिडिओसाठी जो तो कोर्टात येईल आणि प्रत्येक अर्जाच्या शेवटी खातेदारांची माहिती मिळावी ही मागणी छापील असल्यासारखी येईल. छापील मागणीवर छापील आदेश निघू लागले की पुट्टस्वामीच्या चार कसोट्या कागदावरच राहतील.

लेखकाने मग करायचे काय? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ ने त्याला मोठी सोय दिली आहे: तो जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. सांगलीच्या प्रकाशकाला दिल्ली गाठायला नको, साताऱ्याच्या लेखकाला मुंबई नको. त्याने आधी मजकूर हटवण्याचा आदेश मागावा, तो लवकर मिळतो. नाव मागायचे तर चॅनेल चालवणाऱ्याचे मागावे, तेही हक्काचा करार, चॅनेलचा आवाका, पैसे घेतल्याच्या खुणा आणि वेळेनिशी टिपलेल्या नोंदी शपथेवर जोडून. कोर्टाने माहिती बंद लिफाफ्यात घ्यावी, पुरावा नष्ट होण्याची भीती नसेल तिथे त्या माणसाला नाव झाकूनच हरकत घेण्याची संधी द्यावी, पाठवायच्या पत्राचा मसुदा पाहावा, आणि माहिती या दाव्याबाहेर वापरली तर भरपाईची हमी लिहून घ्यावी. पोलिसांनी कलम ६३ च्या तपासात, विक्रीचा पुरावा नसेल तर, मॅजिस्ट्रेटला विचारल्याशिवाय कुणाची माहिती मागवू नये. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे जातात. एखाद्या पीडीएफवरून लागलेल्या दाव्यात जिल्हा न्यायालयाने नावे उघड करण्याचा आदेश दिला, तर त्याविरुद्धची पहिली दाद तिथेच मागितली जाईल. खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ मध्ये आहे. २०१६ मध्ये लिंकसाठी ठरवलेली तिहेरी तपासणी आणि शपथपत्र नावांसाठीही बंधनकारक करणारी कार्यपद्धती याच अधिकारात जिल्हा न्यायालयांना घालून देता येईल, आणि पहिला दावा दाखल होण्याआधी ती ठरली तर लेखक आणि अभ्यासिकेतला विद्यार्थी या दोघांनाही कोर्टात काय अपेक्षित आहे ते आधीच माहीत असेल.